यूपी-१४ ते एमएच-१०

खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं आमच्याकडची माणसं देशभर पांगली. सोनं-चांदी गाळायची कला हातात होती, त्यामुळं जिथं सराफा तिथं विट्याकडचं एखादं गलाईवाल्याचं घर असतंच. आमचं बिऱ्हाड गाझियाबादच्या जुन्या पेठेत, दिल्ली गेटच्या बाजूला. माझे वडील, आण्णा, भट्टीवर असायचे आणि मी गल्लीच्या तोंडाशी, सराफांच्या गाड्या बघत.

वेगवान जपानी गाड्या आम्हाला मासिकांच्या पानांतून पाठ होत्या. स्कायलाइन, सुप्रा, इम्प्रेझा. जपानातही वाहनं डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडंच असतं. तरी त्या गाड्या आपल्याकडं आल्या नाहीत. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली हवी, उतरवायची मुंबई बंदरातच, शिवाय जबर जकात. जपानात वापरून झालेल्या गाड्या श्रीलंकेत, केनियात सर्रास धावतात. आमच्या जीटी रोडवर मात्र त्यांची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

आमच्या वाट्याला आल्या त्या इथंच घडलेल्या जपानी गाड्या. गुडगावच्या कारखान्यातली एस्टीम, चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरची लॅन्सर आणि १९९८ साली बाजारात आलेली होंडा सिटी. सिटीचा कारखाना ग्रेटर नोएडात, म्हणजे अगदी शेजारच्या जिल्ह्यात. पुढं तिच्यात व्हीटेक इंजिन आलं आणि आम्हा पोरांची झोप उडाली. दीड लिटरचं इंजिन, ताकद १०६ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन टनाच्या आसपास. दिसायला एखाद्या सभ्य बँक मॅनेजरची चार दारांची गाडी. ओळखू यायची ती कानानं.

झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर बुटके आणि उंच असे दोन प्रकारचे उंचवटे असतात. गाडी निवांत चालते तेव्हा बुटके काम करतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबानं एक छोटी पिन सरकते, वेगवेगळे हलणारे रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि उंच उंचवटा ताबा घेतो. झडपा जास्त उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात. त्या क्षणी आवाज बदलतो. घुमणारा सूर एकदम धारदार होतो. मोहननगरच्या चौकात सिग्नल सुटला की बस, टेम्पो, विक्रम रिक्षा यांच्या गदारोळातही माझा मित्र हात वर करायचा. ‘सुन! वीटेक है.’ आणि खरोखरच दोन बसच्या मधून यूपी-१४ पाटीची सिटी पुढं निघालेली असायची. कोण चालवतंय याकडं आमचं लक्षच नसायचं.

निसान जीटी-आर भारतात आली २०१६ च्या डिसेंबरात. किंमत दोन कोटींच्या घरात, विक्री आणि देखभाल फक्त नोएडात. त्यामुळं देशात कुठं दिसली नाही तरी आमच्या भागात दिसण्याची शक्यता होती, आणि मला ती दिसली. एनएच-२४ वर इंदिरापुरमच्या अलीकडं, ई-रिक्षांच्या गर्दीत, पायी चालणाऱ्याच्या गतीनं सरकत. तिचं इंजिन एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातानं जुळवायचा आणि त्याच्या नावाची पट्टी इंजिनावर लागायची. भट्टीवाल्याच्या पोराला याचं अप्रूप वाटणारच. आण्णांनी आयुष्यभर इतकं सोनं गाळलं, त्यांचं नाव कुठल्याच दागिन्यावर नाही.

तरी माझा जीव सिटीवरच होता. एका सराफाकडून त्याची २००३ ची व्हीटेक मी घेतली तेव्हा आण्णा म्हणाले, ‘जुनी हाय, पण कानाला गोड हाय.’ घरात एवढी पसंती पुरेशी होती. भल्या पहाटे तिला घेऊन हिंडन नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, हे माझं सुख. आता हिंडनवर दहा किलोमीटरचा उन्नत रस्ता झालाय आणि रात्री तिथं पोरं शर्यती लावतात. ते मला अजिबात मान्य नाही. गाडीवर प्रेम असलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरित लवादाचा नियम उचलून धरला. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालणार नाही, असा तो नियम होता. गाझियाबादही त्यात आलं. इथली हिवाळ्यातली हवा मी जाणतो. दिवाळी जवळ आली की माझ्या मुलीचा इनहेलर दप्तरात जातो. काहीतरी करायलाच हवं होतं. पण नियमानं गाडीचं वय मोजलं, धूर मोजला नाही. पीयूसीला स्वच्छ निघणारी, नीट राखलेली छोटी गाडी बाहेर आणि पावणेचार लिटरचं इंजिन केवळ नवं म्हणून आत, हे मला आजही पटत नाही. त्या दोन-तीन वर्षांत व्हीटेक, एस्टीम, झेन रस्त्यावरून भराभर कमी झाल्या. काही मायापुरीच्या भंगारात गेल्या, काही एनओसी घेऊन परराज्यात. २०२० च्या डिसेंबरात ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातलं उत्पादनही थांबलं.

माझी सिटी मी विट्याला नेली. चुलतभावानं तपासणी करून घेतली, हरित कर भरला, आणि तिला एमएच-१० ची पाटी लागली. कराड रस्त्याला ती आता त्याच्या हाताखाली पळते, आणि दिवाळीला गावी गेलो की चावी आपसूक माझ्याकडं येते. सुट्या भागांसाठी मात्र त्याचा फोन मलाच, कारण या गाड्यांचं सामान अजून दिल्लीच्या कश्मीरी गेटात मिळतं. परवाच म्हणाला, ‘दादा, टायमिंग बेल्ट पाठव.’ या इंजिनात पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरतो. एकदा उघडलंच तर दोन्ही बदलावेत. मी म्हटलं, ‘पंपही घेतो, सोमवारी कुरियर करतो. आणि ऐक, मी आल्याशिवाय मिस्त्रीला इंजिन खोलू देऊ नको.’