डब्यातल्या गोळ्या

गोंदियातील एका घरी आजी प्रतिजैविकांच्या उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवीत. सवय काटकसरीची, पण घातक. धानकापणीच्या दिवसांत नातवाला खोकला झाला. त्यांनी त्यातलीच अर्धी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी श्वासागणिक त्याची छाती आत ओढली जाऊ लागली, तेव्हा रुग्णालय गाठले.

न्यूमोकोकस हा जंतू मुलांच्या नाकाघशात बहुधा निमूट राहतो. शर्करेचे कवच त्याला शरीराच्या रक्षक पेशींपासून वाचवते. फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया. शेजारच्या जंतूंची जनुके उचलून तो पेनिसिलीन जिथे चिकटते ती प्रथिनेच बदलतो. अर्धवट मात्रेत दुबळे मरतात, चिवट उरतात.

महाराष्ट्रात 2021 पासून यावरील लस मोफत मिळते. नातवाची 9 महिन्यांची मात्रा राहूनच गेली होती. तो बरा झाला. आजींनी डबा रिकामा केला आणि त्यात लसीकरणाचे कार्ड ठेवले.