नावाचा लोबान

पुण्याच्या बोहरी आळीत लोबान घेताना मी सहज विचारलं, "बायबलात येतो तो हाच ना?" पुडी बांधता बांधता दुकानदारांनी मान हलवली. "नाही ताई. हा सुमात्राकडचा. अरबस्तानातला वेगळा, झाडच निराळं." घरी येऊन पुस्तकं काढली, तर ते अगदी बरोबर होते. अरब व्यापारी सुमात्राच्या डिंकाला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान म्हणत. आपल्याकडे येईपर्यंत जावा गळून पडलं, लोबान उरला. खरा लुबान बॉस्वेलियाच्या झाडाचा. ओमान, येमेन, सोमालियात सालीला चिरा देतात, चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. हिब्रूतली 'लेव्होना' तीच. पांढरी, असा त्या शब्दाचा अर्थ. न्हाऊ घातलेल्या भावाला आजी ज्या धुरीवर धरायची, तिचा वास मी आयुष्यभर जपला होता, आणि त्याचं नाव दुसऱ्याच झाडाचं निघालं. 2022 च्या हिवाळ्यात मी इस्रायलला गेले ती त्या हुरहुरीपोटी.

जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये मृत समुद्राच्या गुंडाळ्यांपुढे गर्दी होती. मी त्यांना दहा मिनिटं दिली आणि अरादच्या देवळाकडे वळले. तिथे चुनखडीच्या दोन वेदी आहेत, एक साधारण 52 सेंटीमीटर उंच, दुसरी 40. दोन्हींच्या माथ्यावर काळपट गोल थर. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यहूदाच्या दक्षिण सीमेवरच्या किल्ल्यात कुणीतरी इथे शेवटचा धूप जाळला. पुढे या वेदी आडव्या करून मातीखाली पुरल्या गेल्या. 1960 च्या दशकात योहानान अहारोनींनी त्या उकरून काढल्या, पण थर कशाचा हे कळायला 2020 उजाडलं. मोठ्या वेदीवर प्राण्याच्या चरबीत मिसळलेली लेव्होना सापडली. धाकटीवर गांजा, आणि तो शेणात कालवलेला! चरबीने आच चढते, शेणाने मंद राहते. धुपाटण्यात गोवरीचाच निखारा हवा असा आजीचा हट्ट असे. त्या काचेपुढे उभी असताना तो मला पहिल्यांदा नीट समजला.

या गांज्याने एक जुना वाद पुन्हा पेटवला. बायबलातल्या निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती आहे: गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, 'काने बोसेम' 250, तज 500 आणि जैतुनाचं तेल. काने बोसेम म्हणजे सुगंधी बोरू. पोलिश मानववंशशास्त्रज्ञ सुला बेनेट यांनी 1936 मध्ये उच्चाराच्या साम्यावरून मांडलं की हा गांजाच. अरादनंतर अनेकांना त्यात पुरावा दिसला. मला ते मुळीच पटत नाही. अरादला गांजा जाळला आहे, निर्गमात बोरू तेलात पडतो. अध्यायात पुढे जाळण्याच्या धूपाची वेगळी कृती आहे, तिच्यात लेव्होना आहे, काने बोसेम नाही. राहिलं उच्चाराचं साम्य. त्याच्यावर किती विसंबावं हे मला बोहरी आळीत कळलं होतं. जुन्या ग्रीक भाषांतरात त्या जागी 'कालामोस' आहे. अभ्यासकांपैकी कुणी त्याला गवती चहाच्या कुळातलं गवत मानतात, कुणी वेखंड. माझा कौल वेखंडाला.

अराद शहरात उतरले त्या खोलीत कृत्रिम सुगंधाचा इतका फवारा मारला होता की रात्रभर कपाळ ठणकलं. सकाळी तेल अरादच्या टेकडीवर वाटाड्याने देऊळ चार मिनिटांत उरकलं आणि मसादा किल्ल्याची घाई सुरू केली. मसादा मी बसच्या खिडकीतून पाहिला.

मामशीतला मात्र दुपारभर एकटीच फिरले. नबाती लोकांचं हे गाव. 2005 पासून नेगेवमधल्या धूपमार्गाच्या इतर तीन नगरांसोबत ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. तबेल्यांच्या दगडी गव्हाणी अजून शाबूत आहेत. येमेनमधल्या तिमनापासून गाझापर्यंत उंटांचे 65 मुक्काम आणि दर उंटामागे 688 दिनार खर्च, असा हिशेब रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवला आहे. पाण्याला पैसे, चाऱ्याला पैसे, पुजाऱ्यांना, पहारेकऱ्यांना पैसे. प्लिनीच म्हणतो, पत्नी पोपियाच्या अंत्यविधीत सम्राट नीरोने अरबस्तानच्या वर्षभराच्या पिकाहून जास्त धूप जाळला. गव्हाणीच्या गुळगुळीत कडेवर हात ठेवला आणि मला त्या उंटांचं फार वाईट वाटलं.

जवळच्या दिमोना गावात बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाची बरीच घरं आहेत. मैत्रिणीच्या ओळखीने एका घरी गेले. मावशी लहानपणी अलिबागहून आलेल्या. "ये गं, चपला तिथंच काढ," म्हणाल्या आणि मी पुण्यातच आल्यासारखी आत गेले. शनिवारची संध्याकाळ होती. शब्बाथ संपताना लवंगांची डबी हातोहात फिरली, प्रत्येकाने हुंगून पुढे दिली. मग मावशी नातीच्या तान्ह्यासाठी गुटी उगाळायला बसल्या. सहाणेवर दुधाचे थेंब, बदाम, हळकुंड, आणि मग एक मुरडलेलं, पेरापेरांचं मूळ. त्याचा एकच वेढा. वास आला आणि मी पुढे सरकले.

"मावशी, याला हिब्रूत काय म्हणतात?"

"कोण जाणे! नातजावई पण हेच विचारतो," त्या मूळ पुसत म्हणाल्या. "मी सांगते, वेखंड म्हण. बाळाला कळतंय."

त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं.