रुगोवांच्या शाळा

कोसोव्होच्या स्वातंत्र्याची गोष्ट बहुतेक जण बंदुकीपासून सुरू करतात. इब्राहिम रुगोवा नावाचा एक साहित्य समीक्षक जवळपास दहा वर्षे शांततेचा आग्रह धरून बसला, जगाने दखल घेतली नाही, मग कोसोव्हो मुक्तिसेनेने शस्त्र उचलले, १९९९मध्ये नाटोची विमाने आली आणि प्रश्न सुटला, असा तिचा गोषवारा. घटना खऱ्या आहेत. पण त्यांवरून अहिंसा फुकट गेली असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. परके सैन्य घालवणे आणि राष्ट्र उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत. यातले दुसरे काम पहिली गोळी सुटण्याआधीच बरेच पुढे गेले होते.

मार्च १९८९मध्ये मिलोशेविच यांच्या सर्बियाने कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली. पाठोपाठ तिथे बहुसंख्य असलेल्या अल्बेनियन समाजातले हजारो शिक्षक, डॉक्टर आणि कामगार नोकरीला मुकले. २ जुलै १९९० रोजी प्रिश्टिनाच्या विधानसभेला कुलूप लागलेले पाहून अल्बेनियन सदस्यांनी बाहेर उभे राहूनच आपला जाहीरनामा वाचला. रुगोवांच्या पक्षाने हाच प्रकार वर्षानुवर्षे चालवला: कुलूप तोडायचे नाही, बाहेर आपला संसार मांडायचा. १९९१मध्ये सार्वमत झाले, १९९२च्या मेमध्ये निवडणूक झाली, आणि मतदान लोकांच्या घरांत झाले. माध्यमिक शाळा आणि विद्यापीठाचे वर्गही घरांत हलले. कुणी आपल्या घराचा मजला दिला, कुणी तळघर. सामान बाहेर काढलेल्या खोलीत मुले जमिनीवर दाटीवाटीने बसत, वही मांडीवर. एक पाळी उठली की दुसरी. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये राबणारे अल्बेनियन मिळकतीतले तीन टक्के स्वखुशीने पाठवत, त्यातून शिक्षकांचे तुटपुंजे पगार निघत. मदर तेरेसांच्या नावाची संस्था दवाखाने चालवत होती. ज्या सत्तेला मान्यता नाही, पोलीस नाहीत, तिला लोक कर देतात, याहून मोठे सार्वमत कोणते?

याच काळातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली खुनाच्या बदल्याची वैरे मिटवण्यासाठी लोकसाहित्याचे अभ्यासक अंतोन चेटा विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरले. १ मे १९९० रोजी भरलेल्या प्रचंड मेळाव्यात लोकांनी आपल्या माणसांच्या मारेकऱ्यांना सर्वांसमक्ष माफ केले. ही मोहीम रुगोवांची नव्हती. पण ज्या समाजाने आपसातले रक्त थांबवले, त्यालाच शत्रूसमोर हात आवरता आला.

आता आक्षेप. नोव्हेंबर १९९५मध्ये बोस्नियाचे युद्ध डेटन इथे मिटले, तेव्हा कोसोव्होचा प्रश्न वाटाघाटीत घेतलाच गेला नाही. जो लढतो त्यालाच बोलावणे येते, हा धडा तरुणांनी घेतला आणि मुक्तिसेना वाढली. हा आक्षेप खरा आहे, त्याला पळवाट नाही. मात्र दोष शांततेच्या मार्गाला द्यायचा की त्याच्याकडे डोळेझाक करणाऱ्या मुत्सद्द्यांना, हे ठरवायला हवे. दुसरा आक्षेप रुगोवांवर थेट येतो, आणि तो मी मान्य करतो. त्यांचा संघर्ष हळूहळू वाट पाहण्यात विरला. अल्बेनियन विद्यार्थ्यांना शाळांच्या इमारतींत परत घेण्याचा मिलोशेविच यांच्याशी झालेला १९९६चा शिक्षण करार कागदावरच राहिला. तरी १ ऑक्टोबर १९९७ रोजी विद्यार्थी रस्त्यावर उतरणार म्हटल्यावर त्यांनी थांबण्याचाच सल्ला दिला. विद्यार्थी निघाले, लाठ्या खाल्ल्या, हात उगारला नाही. युगोस्लाव्ह तुरुंगांत २८ वर्षे काढलेले आदेम देमाची हेच सांगत होते: शांततेने, पण प्रतिकार करा. गांधीजींनी चरखा दिला तसा दांडीचा रस्ताही दाखवला. रुगोवांनी चरख्याचे काम केले, दांडीला ते निघालेच नाहीत. बोस्नियातली कत्तल त्यांच्या डोळ्यांपुढे होती, त्यामुळे त्यांची भीती अनाठायी नव्हती. १९९२मध्ये कोसोव्होत ठिणगी पडली असती तर वाचवायला कोणी आले असते असे मला वाटत नाही. तरी १९९७पर्यंत त्या भीतीचे धोरण झाले होते, आणि ही त्यांची मोठी चूक होती.

एप्रिल १९९९मध्ये, बॉम्ब पडत असताना, नजरकैदेतले रुगोवा मिलोशेविचसोबत टीव्हीवर दिसले. अनेकांनी त्यांना गद्दार ठरवले, त्यांचे राजकारण संपले असे लिहिले गेले. युद्धानंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०००मध्ये, स्थानिक निवडणुका झाल्या. मुक्तिसेनेचे नेते नवे पक्ष काढून रिंगणात होते, विजयाचे श्रेयही त्यांच्याकडे होते. घरे जळालेल्या, माणसे गमावलेल्या त्याच लोकांनी निम्म्याहून अधिक मते रुगोवांच्या पक्षाला दिली.