पुण्याच्या व्याख्यानपीठांवरून दिसणारे जग

पुण्यास येणारा पाहुणा बहुधा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो आणि सारसबागेतील गणपतीचे दर्शन घेऊन परततो. परंतु या नगरीची काही स्थळे डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक पाहावयाची आहेत. दीडशे वर्षे येथील माणसे सायंकाळी एकत्र बसून दूरदेशींच्या घडामोडी ऐकत आली आहेत. ती स्थळे एकदा क्रमाने पाहण्याजोगी आहेत.

आरंभ सदाशिव पेठेतील टिळक स्मारक मंदिरापासून करावा. उन्हाळ्याच्या दिवसांत येथे वसंत व्याख्यानमालेचे कार्यक्रम होत आले आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी 1875 साली ही माला सुरू केली व पुढे वक्तृत्वोत्तेजक सभेने ती चालविली. अर्थशास्त्र, परराष्ट्रनीती, विज्ञान, साहित्य असा कोणताही विषय तिला वर्ज्य नाही. विद्यापीठाची पायरी कधी न चढलेला गृहस्थही येथे विद्वानासमोर बसू शकतो, ही या प्रथेची मोठी थोरवी होय.

रानड्यांस जगाच्या वार्ता केवळ मनोरंजनार्थ नको होत्या. रशियात 1861 साली भूदास मुक्त झाले, त्या घटनेवर त्यांनी 1883 साली विस्तृत निबंध लिहिला. कारण दख्खनच्या कुळांचा प्रश्न त्यांच्या मनात होता. पुण्यातील 1890 च्या औद्योगिक परिषदेत त्यांनी जावा बेटातील डच सरकारच्या शेतीपद्धतीवर निबंध वाचला. सरकारने भांडवल पुरवावे आणि कच्च्या मालाचा पक्का माल देशातच व्हावा, या कल्पनेत आपणांस घेण्यासारखे काही आहे, असे त्यांस वाटले.

पुढे बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्याकडे गेले, की डेक्कन कॉलेजची काळ्या दगडाची इमारत लागते. आज तेथे पुरातत्त्व व भाषाशास्त्र यांचे संशोधन चालते. येथेच 1892 साली रानड्यांनी हिंदी अर्थशास्त्रावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. इंग्लंडात सांगितले जाणारे अर्थशास्त्राचे नियम त्रिकालाबाधित नव्हेत; प्रत्येक देशाने आपली परिस्थिती पाहून ते पारखावेत, हे त्यांचे प्रतिपादन होते. जर्मनीचा लिस्ट, अमेरिकेचे हॅमिल्टन व कॅरी यांचे दाखले त्यासाठी त्यांनी दिले. जगाचा अभ्यास कशासाठी करावयाचा, तर दुसऱ्याचे अंधानुकरण टाळण्यासाठी, असा धडा त्या टेकाडावर मिळाला.

एवढे पाहून यात्रा पुरी झाली, असे मात्र मानू नये. शहरात परतून पूर्वीच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत जावे. जोतीराव फुले यांचा वाडा तेथे जतन केलेला आहे. सभागृहाची भव्यता येथे नाही. पण जग येथेही आले होते. अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस जोतीरावांनी 1873 साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. दहा वर्षांनी लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी ठिकठिकाणच्या श्रोत्यांस वाचून दाखविला. उन्नतीच्या योजना आखल्या जातात, तेव्हा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न हाती घेऊन पुन्हा जावा बेटाकडे पाहावे. 1830 पासून तेथील कुळांस ऊस, नीळ, कॉफी ही पिके सरकारासाठी सक्तीने काढावी लागली. हॉलंडचा खजिना भरला; जावाच्या काही प्रांतांत दुष्काळ पडून माणसे मेली. ‘मुलतातुली’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका डच अधिकाऱ्याने 1860 साली कादंबरी लिहून ही पिळवणूक चव्हाट्यावर मांडली. रानड्यांनी व्यवस्थेतील युक्ती पाहिली. फुल्यांची दृष्टी असती, तर तिने प्रथम कुळाचा चेहरा पाहिला असता. या दोन दृष्टींपैकी एक जरी नसली, तरी जगाचे ज्ञान अर्धेच राहते.

आता डेक्कन जिमखान्याकडे, भारत सेवक समाजाच्या आवारातील गोखले अर्थशास्त्र संस्थेत यावे. ही संस्था 1930 साली स्थापन झाली. तिच्या काळे स्मारक व्याख्यानात 29 जानेवारी 1939 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1935 च्या कायद्यातील संघराज्याची चिरफाड केली. ते व्याख्यान शहरातील गोखले हॉलमध्ये झाले. संघराज्य हवे, पण त्यात प्रजेचे स्वातंत्र्य कोठे आहे, असा त्यांचा रोख होता. याच संस्थेचे धनंजयराव गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या साह्यास गेले आणि 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जावात ऊस कुळावर लादला गेला. येथे ऊस पिकविणाराच कारखान्याचा धनी झाला. व्याख्यानपीठावरील विचार शेतापर्यंत पोचू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही आज बीडकडून कोयता घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबे पाहिली, की फुल्यांचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, हे ध्यानी येते.

आता व्याख्याने घरबसल्याही ऐकता येतात. तेव्हा सभागृहाचे काय काम, असे तरुण विचारतात. त्यांस एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितले आहे, आणि मननास शेजारी बसलेल्या माणसाची शंका फार उपयोगी पडते. तेव्हा वसंतात पुण्यास आलात, तर एक सायंकाळ व्याख्यानासाठी राखावी. घरातील मुलामुलींस बरोबर न्यावे. वक्ता कोणत्याही देशाच्या भरभराटीची कथा सांगो, ती संपल्यावर आपल्यापैकी एकाने उभे राहून नम्रपणे विचारावे: “महाराज, हे सारे घडले, तेव्हा ओझे कोणी वाहिले?”