तिसऱ्या पंचाच्या आधी

२९ जून २०२४ च्या दुपारी आमच्या जळगावच्या घरी जेवणानंतर एक लहानशी परिषद भरली होती. विषय एकच : रात्रीचा विश्वचषकाचा अंतिम सामना यांना दाखवावा की नाही. ज्यांच्याविषयी हे चालले होते ते आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते, आणि आम्ही बाहेर चोरासारखे हळू आवाजात बोलत होतो.

२०२२ च्या पावसाळ्यात यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय दुबळे झाले, त्याहून मोठा घाव वाणीवर बसला. वैद्यकात याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचे बोलणे बहुतेक समजते, मनात काय आहे तेही ठाऊक असते. शब्द मात्र ओठांपर्यंत येत नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकविलेल्या माणसाला पाणी हवे असले की माठाकडे बोट दाखवावे लागते. मला हाक मारायची झाली तर ते काठी आपटतात. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आपले नाव काठीच्या आवाजात ऐकणे काय असते, ते ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनाच कळेल.

चिरंजीवांचा सामना दाखविण्यास विरोध होता, आणि तो अकारण नव्हता. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला ऑस्ट्रेलियाने आपल्याला हरविले, त्या रात्री हे ओक्साबोक्शी रडले होते आणि पुढचे दोन दिवस धड जेवले नव्हते. पक्षाघातानंतर काही रुग्णांचा हसण्यारडण्यावरचा ताबा सुटतो, हे आम्हांला पुढे समजले. त्या रात्री मात्र आम्ही पुरते घाबरलो होतो. शिवाय मुलाने कुठेतरी वाचले होते की, २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांचे प्रमाण एरवीच्या २.६६ पट झाले होते, आणि पुरुषांमध्ये तर ३.२६ पट. सूनबाईंनी मधला मार्ग सुचविला : नऊ वाजता निजवू, निकाल सकाळी सांगू.

मला ते पटेना. आपण जिंकलो तर बाहेर फटाके वाजणारच; मग गाढ झोपेतून दचकून उठलेल्या आणि काय झाले हे विचारताही न येणाऱ्या माणसाची अवस्था काय होईल? मी डॉक्टरांना फोन केला. महिन्याभरातला रक्तदाब आटोक्यात आहे, गोळ्या चुकवू नका, शेजारी बसा. छातीत दुखले, धाप लागली, चेहरा किंवा हातपाय नव्याने लुळे पडल्यासारखे वाटले, तर सामना कुठे आला आहे ते न पाहता रुग्णालय गाठा, एवढे त्यांनी सांगितले. मला तेवढे पुरेसे होते.

खरे कारण मात्र मी कोणालाच सांगितले नाही. २५ जून १९८३ ची रात्र माझ्या मनात होती. तेव्हा आम्ही धुळ्यात, पांझरेच्या काठी, एकत्र कुटुंबात राहत होतो. माझ्या लग्नाला चार वर्षे झाली होती. १८३ धावांत आपला डाव आटोपल्यावर घरातली वडीलधारी मंडळी ‘संपले’ म्हणून झोपी गेली. हे आणि माझे धाकटे दीर मात्र माजघरात रेडिओला कान लावून बसले. मध्यरात्रीच्या सुमारास वेस्ट इंडीज १४० वर गारद झाले आणि भाऊजींनी फडताळातली पितळी परात काढून लाटण्याने बडवायला सुरुवात केली. सासूबाईंना वाटले, घरात चोर शिरले. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी दोघांना मनसोक्त बोल लावले आणि मग स्वतःच शिरा करायला घेतला. त्या रात्री यांना मी पहिल्यांदा नाचताना पाहिले. पुन्हा ते कधी नाचले नाहीत.

तर सामना पाहायचे ठरले. सात वाजताच मुगाची मऊ खिचडी आणि गोळ्या दिल्या. दूरदर्शनचा आवाज बेताचा ठेवला, यांना पलंगावर न ठेवता हातांच्या खुर्चीत उशी देऊन बसविले. गल्लीतल्या मुलांना सांगून आले, की फटाके चौकात लावा; इथे एक रुग्ण आमच्याकडे आहे आणि पलीकडे एक आजोबा दम्याचे आहेत. मुलांनी माना डोलावल्या.

दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते, तेव्हा सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. बंद करू या का, असा तो प्रश्न होता. मी यांच्याकडे पाहिले. ते डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होते. मी मान हलवून नको म्हटले. खरे सांगते, त्या क्षणी मला माझ्याच निर्णयाची भीती वाटली.

शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर मिलरने उंच फटका मारला. सूर्यकुमार यादवने सीमारेषेपाशी धावत तो झेलला, तोल जातो आहे असे पाहून चेंडू वर उडविला, रेषेबाहेर जाऊन परत आला आणि पुन्हा झेलला. तिसरा पंच तपासणी करू लागला. आम्ही श्वास रोखून बसलो. आणि खुर्चीतून आवाज आला,

“आउट!”

स्पष्ट, खणखणीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. दोन वर्षांनी ऐकलेला तो पहिला पूर्ण शब्द. पुढची पाच चेंडूफेक मी पाहिली नाही. सात धावांनी जिंकलो, हे मला मुलाच्या ओरडण्यावरून कळले.

मग बाहेर शहर जागे झाले. टॉवर चौकाच्या दिशेने भोंगे, ढोल, घोषणा. आम्ही यांना धरून खिडकीशी नेले. दुचाकीवरून तिरंगा घेऊन जाणाऱ्या पोरांना यांनी डावा हात केला. गल्लीतल्या मुलांनी शब्द अर्धाच पाळला. एक लांबलचक माळ कोपऱ्यावर लागलीच, आणि धुरामुळे त्या आजोबांना दारेखिडक्या बंद करून पंप घ्यावा लागला. त्या मुलांशी मी आठवडाभर बोलले नाही. आनंद करा, पण म्हाताऱ्याचा श्वास कोंडून कसला आनंद?

यांचा रक्तदाब १६८/९४ भरला. निवांत बसविल्यावर अर्ध्या तासाने १४६/८६ झाला. झोप लागायला तीन वाजले. दुसऱ्या दिवशी इतका थकवा होता, की व्यायाम घेणाऱ्या ताईंना परत पाठवावे लागले. मुलगा काही बोलला नाही, पण दोनदा माझ्याकडे पाहिले.

वाणी उपचार करणाऱ्या बाईंनी मला आधीच जमिनीवर आणले : वाचा परतली असे समजू नका. मोजणी, स्तोत्रे, शिव्या, उद्गार असे सवयीने तोंडात बसलेले शब्द वाचाघातातही कधीकधी आपसूक बाहेर पडतात. ठरवून बोलायचा शब्द अजून दूरच आहे. तरी त्यांनी तोच धागा धरला. आता त्या यांच्याबरोबर पाढे म्हणतात. बे एके बे येते, पुढे बेत्रिकपर्यंत मजल जाते, मग गाडी अडते.

धुळ्याचे भाऊजी आता सत्तरीत आहेत, गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. ४ जुलैला मुंबईत मरीन ड्राइव्हवर विजयी संघाला पाहायला लोटलेली गर्दी दाखवीत होते, तेव्हा त्यांचा व्हिडिओ फोन आला. त्यांनी पडद्यासमोर परात धरली, तीच, एका बाजूने पोचे पडलेली, आणि विचारले, “काय भो, कसं काय?”

हे बराच वेळ त्या परातीकडे पाहत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“आउट,” ते म्हणाले, आणि दोघे भाऊ हसू लागले.