दाढ दुखेपर्यंत

गेल्या माघातली गोष्ट. एके रात्री दोनच्या सुमारास माझी डावीकडची एक दाढ जागी झाली आणि तिने मलाही जागे केले. दाढेखाली लवंग धरून झाली, मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, गालावर हात दाबून येरझारा झाल्या. त्या रात्री माझ्या साऱ्या अस्तित्वाचे सार त्या एका दाढेत येऊन साठले होते. सकाळी मी दंतवैद्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांचा दवाखाना अजून उघडायचा होता. त्यापूर्वी त्या दाराची पायरी मी किती वर्षांत चढलो नव्हतो, हे मला आठवेना.

त्यांनी क्ष-किरणांनी घेतलेले चित्र माझ्यापुढे धरले. दाढेच्या पोटात काळसर पोकळी पडली होती आणि ती पार मुळाशी पोचली होती. ते म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर थोडे कोरून भरता आली असती. आता काढावीच लागेल.”

“पण दोन वर्षांपूर्वी ती मुळीच दुखत नव्हती!” मी काहीसा रागावूनच म्हणालो.

“म्हणूनच तर यायचे होते,” ते शांतपणे उत्तरले.

दाढ गेली, पण हे उत्तर मात्र माझ्याजवळ राहिले. दाताचे बाहेरचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडाहूनही कठीण. परंतु त्यात संवेदना वाहणारी एकही नस नाही, आणि एकदा त्याला खड्डा पडला की नखाप्रमाणे ते पुन्हा वाढत नाही. कीड या कवचाला पोखरीत असते तोवर मालकाला त्याचा पत्ता नसतो. ती आतल्या थरात शिरली म्हणजे गार पाण्याने किंवा गोड खाल्ल्याने एखादी कळ येते. आपण तो घास दुसऱ्या बाजूने चावतो आणि विसरून जातो. अगदी आतल्या मज्जेला ती जाऊन भिडली, की मग ती माघातली रात्र उजाडते. म्हणजे दातदुखी ही दुखण्याची पहिली बातमी नव्हेच. आढे कोसळल्यावर घराला आग लागल्याचे कळावे, तशी ती फार उशिरा आलेली बातमी आहे.

आणि पुष्कळदा ती बातमी येतही नाही. माझ्या आईला मिश्रीची सवय होती. “मला जन्मात कधी दाढ दुखली नाही,” असे ती मोठ्या अभिमानाने सांगे, आणि ते अक्षरशः खरे होते. दातांच्या मुळांशी कीटण साचत गेले, हिरड्या मागे सरल्या, खालचे हाड झिजले. आणि साठी उलटण्यापूर्वी तिचे धडधाकट दिसणारे दात एकामागून एक हलून गळाले. एकानेही जाताना तक्रार केली नाही. आम्ही मुले विचारीत असू, “आई, दाखवायचे का एकदा?” ती म्हणे, “दुखत नाही ना, मग कशाला?” आम्हांलाही ते पटे, कारण आमचीही आरोग्याची व्याख्या तीच होती. पुढे थंडीत शेतावर हुरडा भाजला जाई, तेव्हा आगटीजवळ बसून ती कणसे हातावर चोळी आणि गरम दाणे आमच्या ओंजळीत घाली. स्वतः मात्र एक दाणाही तोंडात टाकीत नसे. कवळीने हुरडा चावत नाही. तिच्या रित्या तोंडाचे दुःख आम्हांला तिच्या भरलेल्या हातांमुळे फार उशिरा दिसले.

मग जावे तरी केव्हा? दर सहा महिन्यांनी, असे आपण ऐकत आलो आहोत. परंतु सर्वांच्या तोंडाला एकच पंचांग लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ साली ठरविले, की दोन तपासण्यांमधले अंतर ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे असावे : प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, आणि अठराच्या आतील मुलांसाठी फार तर एक वर्ष. मला यात आपल्याकडची शाकारणी दिसली. कोकणातल्या घराची कौले दरसाल मृगापूर्वी चाळावी लागतात. जेथे पाऊस बेताचा, तेथे एखादे वर्ष चालून जाते. पण शहाणा माणूस कोठेही पहिली गळती अंथरुणावर पडण्याची वाट पाहत नाही. ज्याला मधुमेह आहे, जो तंबाखू खातो वा ओढतो, औषधांमुळे ज्याचे तोंड कोरडे पडते, ज्याचे दात पूर्वी वारंवार किडले आहेत, त्याचे घर कोकणात आहे असे समजावे. तान्ह्या मुलालाही पहिला दात आला, की वर्षाच्या आत एकदा दाखवून आणावे. आणि घासताना हिरडीतून रक्त येऊ लागले, दात हलू लागला, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, तर कोणत्याही तारखेची वाट पाहू नये. जेथे तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाने इतकी घरे उद्ध्वस्त होतात, त्या आपल्या देशात तर मुळीच नाही.

हे सारे ज्ञान मला एक दाढ देऊन मिळाले. अक्कलदाढ येऊन अक्कल येते म्हणतात. मला ती दाढ जाऊन आली. दवाखान्यातून निघताना गालात कापसाचा बोळा असतानाच मी, आयुष्यात कधी न विचारलेला प्रश्न दंतवैद्यांना विचारला : “पुन्हा केव्हा येऊ?” त्यांनी माझे उरलेले दात एकवार पाहिले, काही क्षण विचार केला आणि म्हणाले, “तूर्त चार महिन्यांनी या. मग पाहू.”

ती तारीख परवा आली. मी जोडे घालू लागलो, तशी पत्नीने विचारले, “कुठे निघालात?”

“दातांच्या डॉक्टरांकडे.”

“का? दुखतंय का पुन्हा?”

“छे,” मी म्हणालो, “दुखत नाही, म्हणूनच निघालो आहे.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या आपल्या वहाणा ओढीत ती म्हणाली, “थांबा, मीही येते.”