पंधरवड्यातली बदली

बुधवार, ४ ऑक्टोबर २०२३

सकाळी बटण दाबलं, चहा गाळला, प्यायला, कप विसळून ठेवला, तरी पडद्यावर गोल फिरतच होतं. हे रोजचंच. आज मात्र डब्यातून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्, टक्. नखाने स्टीलचं भांडं वाजवावं तसा.

दिवाळी अंकाची २०८ पानं, त्यातली ११२ लावून झालीत. संपादकांना दसऱ्याच्या आत सगळं छापखान्यात हवंय.

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, पाल चुकचुकतेय का?" पाल असती तर बरं होतं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

सगळ्यात आधी चालू अंकाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, मग तोच बाहेरच्या डिस्कवरही. तेवढ्याला पाऊण तास. मग क्रिस्टल डिस्क इन्फो चालवून पाहिलं. नेहमी निळा असणारा चौकोन पिवळा. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीसमोर शून्य असायला हवं, ते नव्हतं. म्हणजे डिस्कवर अशा काही जागा आहेत की डोकं तिथे जातं, वाचायचा प्रयत्न करतं आणि हात हलवत परत येतं. टक्, टक् तेच असणार.

भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. म्हणाला, "मावशी, एसएसडी घे आणि त्यावर नवीन विंडोज टाक. स्वच्छ. किती दिवस विंडोज ७ वापरणारेस? २०२० च्या जानेवारीत त्याचा सपोर्ट संपला."

त्याला कसं समजवावं? माझं पेजमेकर जुनं, फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. लॉक यूएसबीचं आहे, ते शाबूत आहे, पण इन्स्टॉल करायची सीडी घर बदलताना गेली ती गेलीच. शिवाय आमच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर असं काही नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. युनिकोडच्या पोरांना हे सांगून पटत नाही. फाइल उचलून दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अख्खा लेख रोमन अक्षरं, डॉलर आणि कंसांचा कचरा होतो. म्हणून मला फायली हलवायच्याच नाहीत. राहतं घर हलवायचंय, खुंटीवरच्या पिशवीसकट.

"मग क्लोन कर," तो म्हणाला. थोडा नाराज झाला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

सासूबाईंचं म्हणणं, पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणत नाहीत. मी म्हटलं, ही खरेदी नाही, दुरुस्ती आहे. "बिल नवं फाडणार की जुनं?" मला उत्तर सुचलं नाही. मग त्याच म्हणाल्या, औषध आणायला कोणी पंचांग बघत नाही, जाऊन ये.

तपकीर गल्लीत गेले. माझी जुनी डिस्क ५०० जीबीची. दुकानदाराने ४८० ची एसएसडी पुढे केली, "ताई, एकच की." मी मान डोलावली आणि घेऊन आले. अंगठ्याएवढी जाड डिस्क बघायची सवय, हे तर पेढ्याच्या पुड्यापेक्षा हलकं.

घरी आल्यावर कळलं की एकच नाही. जुनीचे कॉम्प्युटर ४६५ दाखवतो, नवीचे ४४७. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या, म्हणून दोन्ही आकडे छापल्यापेक्षा लहान दिसतात, ते ठीक. पण आपापसातला फरक खरा आहे. मोठ्या पातेल्यातलं लहान पातेल्यात ओतायचं, तेव्हा आधी डी ड्राइव्ह २५ जीबीने आकसून घेतला. आजारी डिस्कवर हे करू नये हे मलाही कळतं. पण बाहेर धो धो पाऊस, दुकान बंद व्हायची वेळ आणि सोमवारी संपादकांना १६ पानं द्यायची. नशिबाने निभावलं. वीस जीबीच्या आळसापायी एक संध्याकाळ गेली.

शनिवार, ७ ऑक्टोबर

अविधवा नवमी. सकाळभर आजेसासूबाईंच्या नावाचा स्वयंपाक, सवाष्ण जेवायला. दुपारी चारला मागची आवरासावर झाल्यावर डबा उघडला. अकरा वर्षांची धूळ! पंख्यावर लोकर जमल्यासारखी. ब्रशने काढली, नवी डिस्क दुसऱ्या साटा केबलला लावली. ती बसवायची पट्टी आमच्या डब्यात नाही. भाचा फोनवर म्हणाला, आत फिरणारं काही नाही, डबल टेपने चिकटव, आडवी उभी कशीही चालेल.

क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालू केलं. काळा पडदा, निळ्या चौकटी, माउसला सुट्टी. कुठून आणि कुठे हे दोनदा विचारतं. इथे उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं संपतं, म्हणून दोन्ही डिस्कांचे नंबर कागदावर लिहून, बोट ठेवून वाचले. नवी डिस्क लहान आहे म्हणून त्याने आधी नकार दिला. आकार तपासू नको असा पर्याय आहे, तो दिला. साडेसातला सुरू झालं. सी ड्राइव्ह ६१ टक्क्यांवर आला आणि थांबला. डिस्क वाचता येत नाही.

टक्, टक्.

रात्री ११. 'रेस्क्यू' नावाचा पर्याय असतो, तो देऊन पुन्हा पहिल्यापासून. त्यात वाचता न येणारी जागा रिकामी सोडून पुढे जातात. त्या जागी काय होतं ते नंतर ज्याचं त्याने शोधायचं.

बसल्या बसल्या भाच्याकडून एक ऐकलं ते लिहून ठेवते. पहिली हार्ड डिस्क आयबीएमची, १९५६ सालची. दोन फूट रुंदीच्या ५० चकत्या, वजन जवळजवळ टनभर, आणि मावायचं पाच एमबीच्या आसपास. आमच्या मुखपृष्ठाची फाइल त्यात बसली नसती. माझ्या डिस्कची चकती मिनिटाला ७२०० वेळा फिरते, सेकंदाला १२०. ऐकायला प्रचंड वाटतं. पण हवं ते अक्षर डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी डोक्याने योग्य वर्तुळावर सरकायचं. एकेका बारीक फायलीला दहाबारा मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना अशा हजारो चिठ्ठ्या ठिकठिकाणांहून गोळा करतं. आजच्या पंगतीसारखंच. मीठ हवं तर वाढपी फिरून आपल्यापुढे येईपर्यंत हात आखडून बसायचं. एसएसडीत वाढपीच नाही, प्रत्येकाच्या पानाशेजारी मीठ आधीच वाढलेलं. वेग वेग म्हणतात तो बराचसा इथला.

पहाटे अडीचला पूर्ण झालं. तीन जागा वाचता आल्या नाहीत.

रविवार, ८ ऑक्टोबर

जुन्या डिस्कची वायर आधी काढली. दोन्हींची ओळखखूण आता एकच, एकत्र लावल्या तर विंडोज गोंधळतं. बटण दाबलं. पदर खोचून उभी होते, चहाला जावं की थांबावं असा विचार करेपर्यंत डेस्कटॉप समोर. घड्याळ लावून दुसऱ्यांदा पाहिलं, २८ सेकंद. माझा मदरबोर्ड जुना, साटा-२ चा, म्हणजे एसएसडीला निम्माच रस्ता मिळतोय. तरी २८.

भाच्याला ऐकून राहवेना. म्हणाला, बायोसमध्ये आयडीई लिहिलंय ते एएचसीआय कर, आणखी पळेल. केलं. निळा पडदा. पुन्हा केलं, पुन्हा निळा. मग त्यालाच आठवलं की विंडोज ७ मध्ये ते आधी आतून सांगावं लागतं. परत आयडीई, रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' शोधून त्याचा 'स्टार्ट' शून्य केला, मग एएचसीआय. चालू झालं. मी त्याला काही बोलले नाही. एकवीस वर्षांचा आहे.

डीफ्रॅगचं वेळापत्रकही बंद केलं, एसएसडीला त्याची गरज नसते, उगाच झीज. ते दर बुधवारी रात्री एक वाजता लावलेलं होतं. त्या वेळी मशीन कधीच चालू नसतं, म्हणजे अकरा वर्षं ते बिचारं मोकळ्या मिनिटाची वाट बघत होतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर

१६ पानं गेली. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या, "चालू आहे ना? आवाज येत नाही." मलाही तेच होतंय. सेव्ह दाबलं की खरखर व्हायची, त्यावरून कळायचं. आता दोनदोनदा दाबते.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

तीन जागांपैकी एकीचा पत्ता लागला.

कवितांचा विभाग आज उघडला. त्या पानांचा टाइप वेगळा, बारीक आणि जरा तिरका, वर्षातून एकदाच लागतो. मागच्या वर्षीची चौकट घेऊन त्यात नवीन मजकूर टाकायचा. पान उघडलं तर कवितेच्या जागी रोमन अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, उलटे कंस. फॉन्टची फाइल होती, नाव होतं, आकारही बरोबर. आतलं कुठलंतरी पोकळ. मग जुनी डिस्क लावून तिथून घ्यायचा प्रयत्न केला, ती फाइल आली की टक्, टक्. वर्षभर तिला कोणी हात लावला नव्हता, म्हणून कधी गेली तेही कळलं नाही. परवाच्या पिवळ्या चौकोनाआधी महिनाभर की मागच्या दिवाळीलाच, देव जाणे.

अर्धा तास डोकं धरून बसले. मग छापखान्याची आठवण झाली. आमच्यात रीत आहे, पानं देताना सोबत फॉन्टही द्यायचे, नाहीतर त्यांच्या मशीनवर सगळं फुटतं आणि रात्री फोन येतात. कपाटाच्या तळाशी '२०१९ दिवाळी, प्रेसला दिलेलं' अशी सीडी निघाली, स्केचपेनने लिहिलेली. ड्राइव्हने ती तीनदा फिरवून पाहिली आणि मग उघडली. फॉन्ट टाकला, पान उघडलं, कविता मराठीत आली. पहिल्याच ओळीत छापील चूक होती. इतकी बरी चूक मी आजवर पाहिली नाही.

उरलेल्या दोन जागा अजून कुठेतरी आहेत.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. अंक गेल्या बुधवारी छापखान्यात गेला. सुरी, विळी, शिलाई मशीन, कात्री यांच्या रांगेत दरवर्षीप्रमाणे माझा कॉम्प्युटर. सासूबाईंनी विचारलं, "ती जुनी कुठेय?" ड्रॉवरमधून काढून दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली आहे, 'पुसू नये. दिवाळीनंतर बघू.' त्यांनी चिठ्ठी वाचली, काही म्हणाल्या नाहीत, तिच्यावरही झेंडूचं फूल ठेवलं.

कीबोर्डवर कुंकू वाहू नका, नुसतं फूल ठेवा, असं दरवर्षी सांगते. 'ळ' आणि शेजारच्या कळीमध्ये पडलंच आहे. संध्याकाळी लग्नपत्रिकेचं काम यायचंय, तोवर ब्रशने काढते.